करंगळीवरची खूण

घरात शिरल्यावर मी आधी मुलाकडे बघत नाही. आधी पाण्याची कळशी, तिच्यावर झाकण आहे का, पाणी काढायचं भांडं कुठे टेकवलंय, चुलीपाशी कोणी खोकतंय का, शेळी गोठ्यात आहे की ओट्यावर. मग आईचे हात. मूल सगळ्यांत शेवटी, कारण मला बघितलं की ते रडायला लागतं आणि मग बाकीचं काही धड दिसत नाही.

आयांना हे आवडत नाही. वैशाखऱ्याच्या एकीने तर तोंडावर सांगितलं होतं, "सिस्टर, माझी सासू पण एवढं उघडून उघडून नाय बघत."

मी म्हटलं, "सासूला तुझ्या पोराचे रिपोर्ट वाचता येत नाहीत. मला येतात. उघड कळशी."

मुंबईत लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स होते. घरच्या कारणाने मुरबाडला परतले आणि आता एका छोट्या संस्थेसाठी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत स्कूटरवरून फिरते. ऑपरेशन झालेली, व्हायची असलेली, नुसती औषधांवर चाललेली मुलं बघायची. त्यांतल्या काहींचं दुखणं दुहेरी असतं. हृदयात जन्मापासून दोष, आणि रोगाशी झगडणाऱ्या पेशीही रक्तात पुरेशा नाहीत. दुसऱ्या पोराला जे दोन दिवसांचं पडसं, ते या मुलांना वॉर्डात नेतं.

अशा प्रत्येक घरासाठी मी एक यादी करते. पाणी उकळून. हात साबणाने. खोकणाऱ्याने ओट्याखाली उभं राहायचं, मग तो सरपंच का असेना. यादी भिंतीला लावते, आणि यादी लावली म्हणून कोणी ती पाळतं यावर माझा विश्वास नाही. माझ्याशी प्रत्येक घरात थोडंफार खोटं बोललं जातं. वाईटपणाने नाही, ओरडा बसू नये म्हणून. कसाऱ्याला एका घरी औषधाची बाटली रोज हवी तेवढी बरोबर कमी होत होती आणि पोर मात्र सुजत चाललं होतं. औषध मोरीत जात होतं. का, तर ते दिलं की पोर सारखं अंथरूण ओलं करायचं. शरीरातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढण्यासाठीच ते औषध होतं. त्या दिवसापासून मी बाटली बघत नाही, पोराचे पाय दाबून बघते.

तर डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर अशीच एक दुहेरी दुखण्याची मुलगी होती. दोन वर्षांची होऊन गेलेली, वजनाने मात्र वर्षाची वाटावी अशी. तान्ही असताना एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं मोठं बाकी होतं. जरा पळाली की ओठ जांभळे पडायचे आणि ती आपली आपण उकिडवी बसायची. तसं बसलं की बरं वाटतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पावसाळा उलटू द्यायचा नाही, त्याच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. पुष्कळ दिवस थांबल्यावर एकदाची तारीख मिळाली. तारखेच्या आठवडाभर आधी मी जाऊन बघायचं आणि अंगात कुठे काही संसर्ग नाही ना, ते वॉर्डाला कळवायचं, असं ठरलं होतं. काही निघालं तर तारीख रद्द. ती पुन्हा कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

तिच्या यादीत एक ओळ मी लाल पेनाने लिहिली होती: पोलिओचे तोंडी थेंब द्यायचे नाहीत. त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला. धडधाकट पोराला त्याचा फायदाच होतो. हिच्या रक्तात त्याला आवरणारं कोणी नव्हतं. तिला पोलिओची सुई चालते, थेंब नाहीत. हे मी तिच्या आईला, बापाला आणि आजीला एकत्र बसवून सांगितलं होतं. बाप वाशिंदकडच्या गोदामात कामाला, शिफ्ट बघून घरी यायचा. त्याने मान हलवली. आईचं शिक्षण दहावीपर्यंत. तिने मला परत म्हणून दाखवलं. आजी, म्हणजे बापाची आई, तेवढी म्हणाली, "दोन थेंब तर असतात गो बाय. सगल्या पोरांना देतात. आमचीच काय जगावेगली?"

हे वाक्य मी डोक्यात जपून ठेवलं.

मी गेले त्या दिवशी दुपारचं ऊन होतं आणि पाड्यावर दारोदार सुपांत बिब्बे वाळत पडले होते. त्या दिवसांत जंगलातून बिब्बे गोळा करून व्यापाऱ्याला घालतात. या घरचे बिब्बे पोरीपासून लांब ठेवायला मी मागच्या खेपेला सांगितलं होतं, आणि खरंच ते गोठ्याच्या पलीकडे, गोणपाटाखाली होते. इथवर सगळं ठीक. मग मी दार बघितलं.

पोलिओवाल्यांची खडूची खूण ठाऊक असेल. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले की दारावर पी लिहितात. एखादं मूल राहिलं तर फुली मारतात आणि फुलीच्या घरी पुन्हा पुन्हा येतात. या दारावर फुली असायला हवी होती. फुली होतीही, पण हाताने पुसलेली, आणि तिच्याशेजारी स्वच्छ पी.

मी चपला काढल्या, हात धुतले आणि एरवी शेवटी बघते ते पोरीला आधी बघितलं. डावा हात धरला. करंगळीच्या नखावर काळी खूण, थेंब दिल्यावर करतात तशी.

"थेंब कोणी दिले?"

आई उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, "नाय दिले."

"मग हे काय?"

"नाय दिले, सिस्टर."

आजी चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "आमी कोनी नाय दिले."

"दारावर पी आहे. बोटावर काळं आहे. आणि तुम्ही सांगता दिले नाहीत. मी काय समजायचं?"

दोघी आपसांत त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या. भराभर बोलल्या की ती बोली मला निम्मीच कळते, आणि अशा वेळी नेमका न कळलेला निम्मा भाग महत्त्वाचा असतो असं मला वाटत राहतं.

"माझ्यापुढे मराठीत बोला," मी म्हटलं.

आई म्हणाली, "मी म्हनले, चहा ठेवा." तिचा आवाज थंड पडला होता. "तुमाला आमी खोटारडेच वाटतो ना? पहिल्यापासून?"

थेंब गेले असतील तर मला वॉर्डाला ते सांगणं भाग होतं. त्या वॉर्डात हिच्यासारखीच नाजूक मुलं होती, आणि थेंबांतला विषाणू पोराच्या शीतून कित्येक दिवस बाहेर पडत राहतो. तारीख गेलीच असती. आणि तारखेपेक्षा वाईट म्हणजे, हिचं स्वतःचं पुढे काय होईल ते कोणी सांगू शकलं नसतं. माझा संशय सरळ चुलीकडे गेला. आई शेतावर गेली असणार, टीम आली असणार, आणि म्हातारीने दोन थेंबांना काय होतंय म्हणून पोरीचं तोंड उघडून धरलं असणार.

घरात फोनला रेंज नव्हती. वरच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली येते. तिथे जाऊन मी पाड्याच्या आशाताईला फोन लावला. तिच्या टीमनेच हा पाडा केला होता.

"त्या घरी तुम्ही डोस दिला?"

"मी नाही दिला, सिस्टर. दोन-तीन खेपा घातल्या, देऊच देईनात. वरून साहेब पण आले होते समजवायला. शेवटच्या खेपेला गेले तर बोट काळं. म्हटलं, नेली असेल डोळखांबला बाजारात, तिथल्या बूथवर दिला असेल. मी पी लिहून मोकळी झाले."

"तुम्ही विचारलं नाहीत, कुठे दिला?"

"बोट दिसलं ना. बोट दिसल्यावर कोण विचारतं?"

आता माझ्यासमोर दोन शक्यता होत्या. बाजारातल्या बूथवर कोणीतरी पोरीला नेलं, किंवा आशाताईने स्वतःच दिला आणि आता हात झटकते आहे. तिच्या आवाजावरून ती खरं बोलत होती, पण आवाजावर मी जात नाही. उतरून परत घरात आले, चष्मा बदलला आणि पोरीला दारात उजेडाला घेऊन बसले.

हे मी आधीच करायला हवं होतं. पोलिओचं मार्कर जांभळट असतं, नखावर आणि कातडीवर सपाट बसतं. ही खूण तपकिरी काळी होती. नखाच्या कडेला कातडी लाल, ताणलेली, आणि मुळाशी पाण्याने भरलेला बारीक फोड. मी जरा दाबलं तर पोरीने हात ओढून घेतला. वर खोबरेल तेलाचा वास.

बिब्बा. धोबी कपड्यांवर ज्याने खुणा करतात, जो धुतल्याने जात नाही, तो. बिब्ब्याचं तेल एखाद्याला काही करत नाही आणि एखाद्याला असं उततं की कातडी सोलून निघते.

मी बोट सोडलं नाही. "हे बिब्ब्याचं आहे."

भाकरी तव्यावर करपायला लागली.

"आजी, बिब्बा कोणी लावला?"

"मीच लावला," आजी म्हणाली. लगेच म्हणाली. तवा उतरवून माझ्याकडे तोंड केलं. "माज्यावर घ्या. सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली न् लावली नखाला. ती लोकां सारखी येतात, दारावर फुली मारून जातात. म्हनले, असू दे काला. तिला काय नाय ठाव. ती पान्याला गेलेली."

मला तेच ऐकायचं होतं. मी मनात आजीच्या नावावर ते टाकूनही दिलं. मग नखाकडे पुन्हा बघितलं. खूण नखाच्या मधोमध होती, कडा आखल्यासारख्या. तेल मुळाशी उतरलं ते नंतर, पोरीने बोट चोखलं असणार तेव्हा. आणि या आजीला मागच्याच खेपेला मी औषधाच्या सिरिंजवरची रेघ दाखवली होती तर ती म्हणाली होती, "रेघ कुठली गो? मला तर ती अख्खी पांढरी दिसते."

आणखी एक. या घरी मी इतक्यांदा आले, भाकरी नेहमी सून थापते. आजी लाकडं सारत बसते. आज आजी थापत होती, आणि सून मी आल्यापासून उंबऱ्याशी उभी, उजवा हात पदराखाली.

"हात दाखव," मी म्हटलं.

"कशाला?"

"दाखव."

तिने पदर काढला. अंगठा आणि दोन बोटं काळी, फोडांनी टरारलेली, एक फोड फुटून ओला झालेला. पोरीच्या करंगळीपेक्षा कितीतरी वाईट.

"आता तरी खोटं बोलू नका दोघी," मी म्हटलं.

आजीने डोक्याला हात लावला. "हिला सांगितलेलं, हात दाखवू नको. ही पोलिसाची आत्या हाय."

सुनेला त्यातही हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी रडू दिलं. पोरीला मांडीवर घेऊन ताप बघितला. ताप नव्हता. छातीचे ठोके मोजले, नेहमीसारखे होते. काखेत गाठ आहे का चाचपलं, नव्हती.

मग तिने सांगितलं. पहिल्यांदा टीम आली तेव्हा तिने हॉस्पिटलचा कागद पुढे केला. कागद इंग्रजीत. वाचून कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा दारावर फुली. त्यानंतर साहेब आले. त्यांनी ओरडा केला नाही, पण ओट्यावर बसून सगळ्या पाड्यासमोर विचारलं, "हृदयाचा आणि पोलिओचा काय संबंध, बाई?" आणि तिला सांगता आलं नाही. माझ्यापुढे तिने घडाघडा म्हणून दाखवलं होतं, पण तिथे जीभच वळेना.

"मग विहिरीवर बाया बोलायला लागल्या. म्हने, कायतरी लागनीचा रोग हाय पोरीला, ही लपवते. त्यांच्या कलशीला माझी कलशी लावू देईनात. ह्यांना फोन लावायचा तर वर वळनावर जायला लागतो. गेले, तर ह्यांची शिफ्ट. तुमाला लावला, तर लागला नाय."

"मग?"

"मग काय. डोस द्यायचा नाय हे डॉक्टरचं ऐकलं. बोट काला पाहिजे, तर काला केला, हे त्यांचं पन ऐकलं. कोनाला तरास नाय." ती नाक पुसत म्हणाली. "नखालाच लावला, सिस्टर. कातडीला लागू नाय दिला. माझं बोट जलालं ते चालतं."

खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या मनात आलं, की थेंब देऊन झाले आणि हे सगळं वरून रचलंय असं तर नसेल? मी मोहाखाली जाऊन वाशिंदला बापाला फोन करून आडून विचारलं, पोरीला घेऊन बाजारात कधी गेला होता का. तो म्हणाला, त्या दिवसांत पोरीला घराबाहेरच काढलं नव्हतं. टीमसमोर बिब्ब्याची खूण करून दाखवायची ती थेंब न देण्यासाठीच. थेंब घेतले असते तर खूण फुकटच मिळाली असती. आणि ते हात. तसे फोड कोणी ढोंगासाठी उठवून घेत नाही. मी मानलं.

तिथूनच वॉर्डच्या डॉक्टरांना फोन लावला. थेंब नाहीत, ताप नाही, करंगळीला फोड आणि लाली, कारण बिब्बा.

"थेंब गेले नाहीत याची खात्री?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमची खात्री, की घरच्यांनी सांगितलं?"

माझाच प्रश्न माझ्याकडे परत आला होता. "माझी," मी म्हटलं. "मी तपासलंय."

त्यांनी त्याच दिवशी पोरीला आणायला सांगितलं. बोटाला पू धरला आणि तो रक्तात गेला तर हृदयातल्या जुन्या टाक्यांवर जाऊन बसेल, ही भीती मलाही होतीच. संस्थेची गाडी मागवली. दोघी मायलेकी गेल्या. त्या जाण्याआधी मी सुनेच्या हाताला पट्टी बांधली.

निघताना आजीने मला गोठ्याकडे बोलावलं. म्हणाली, "माज्या पोराला सांगताना माझंच नाव सांगा. मी केला म्हना. माझं तो काय करेल? दोन दिस बोलनार नाय. तिच्याशी मात्र लय दिस नाय बोलायचा."

मी काही कबूल केलं नाही. पण त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "घरात झालं. कोणी केलं ते महत्त्वाचं नाही, बोट बरं होतंय." त्याने अर्थ आपल्यापरीने लावला. म्हातारीने त्याचा राग सोसला आणि सुनेला हॉस्पिटलात डबा पोहोचेल याची सोय बघत राहिली. आज इतक्या दिवसांनी लिहितानाही मी या घरातल्या कोणाचं नाव लिहीत नाही, त्याचं एक कारण हे.

ठरलेली तारीख गेली. बोट पूर्ण वाळेपर्यंत डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. मायलेकी वॉर्डात राहिल्या, आणि दुसऱ्या एका मुलाला ताप आल्यामुळे त्याची तारीख रिकामी झाली ती हिला मिळाली. कोणाच्या तरी तापावर आपल्याला आनंद झाला, हे मला त्या दिवशी बरं वाटलं नाही, पण झाला. पेरण्यांच्या आधी पोर घरी आली. ओठ गुलाबी. उकिडवं बसायची सवय मात्र गेली नव्हती. काही त्रास नसताना मधूनच बसायची आणि आजूबाजूला बघायची, कोणी लक्ष देतंय का.

हृदय दुरुस्त झालं तरी रक्ताचं तसंच राहणार होतं, म्हणजे थेंबही बंदच. मी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे बसून मराठीत एक कागद करून घेतला: या मुलीला तोंडी डोस का द्यायचा नाही, सुई कधी दिली, शंका असल्यास कोणाला फोन करावा. खाली सही, शिक्का आणि माझा नंबर. आईला तो विहिरीवर मोठ्याने वाचायला सांगितला. तिने वाचला. बायका ऐकून म्हणाल्या, "आधी का नाय सांगितला?" म्हणजे पटलं असं नाही, पण कळशीला कळशी लागायला लागली.

पुढच्या पोलिओच्या फेरीला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तरुण बाईचा, धापा टाकणारा. मोहाखालच्या वळणावर चढून आली असणार.

"इथे एक कागद दाखवतायत. तुमचा नंबर आहे त्यावर. पोरीचं बोट पांढरं आहे. डोस द्यायचा नाही म्हणतात, खरं आहे का?"

"खरं आहे."

"तुम्ही त्या सिस्टरच बोलताय कशावरून?"

मला बरं वाटलं. म्हटलं, "बरोबर विचारलंत. पोरीच्या छातीवर टाक्यांचा उभा व्रण आहे, तो बघा. घरात भिंतीला यादी आहे, एक ओळ लाल पेनाने. नाही पटलं तर तालुक्याला फोन करा, नंबर मी देत नाही, तुमच्या पद्धतीने शोधा."

"करतेच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी गेले तेव्हा दारावर पी नव्हता. ठसठशीत फुली होती आणि तिच्याखाली खडूने लिहिलं होतं, "कागद बघितला. तालुक्याला विचारलं." ते कोणी पुसलं नव्हतं.

मी चपला काढल्या, हात धुतले. कळशी उघडली. चुलीकडे बघितलं, आजी लाकडं सारत होती, सून भाकरी थापत होती. शेवटी पोरीला जवळ घेतलं आणि तिचा डावा हात उलटून करंगळी बघितली. नख स्वच्छ होतं.

सून उठली. पिठाचे हात परातीत झटकले आणि न मागता माझ्यासमोर धरले, आधी पालथे, मग उताणे.

"बघा," ती म्हणाली. "नायतर घरी जाऊन तुमाला जेवन नाय जानार."

मी चष्मा बदलला आणि बघितले.